पलंगाशेजारची जागा

"इथं नळी का नाही?"

सायमा वाकली ती तशीच राहिली. बांधत आलेल्या अख्ख्या घराच्या जमिनीवर नारिंगी नळी पसरली होती. खाली थर्मोकोल, त्यावर लोखंडी जाळी, जाळीवर वीत-वीतभर अंतरानं नळीचे वेढे, जागोजागी तारेनं आवळलेले. थंडीत यातून गरम पाणी फिरायचं. स्वयंपाकघरात नळी, न्हाणीघरात नळी, रेइनोचे चिखलाचे बूट ठेवायच्या कोपऱ्यातसुद्धा नळी! आणि झोपायच्या खोलीत, पलंग येणार तिथं बरोबर तिच्या बाजूला, हातभर जागा मोकळी.

"सकाळी उठून पहिला पाय टाकणार ती ही जागा, रेइनो! अरे, जन्मभर तुझ्यामागं भुणभुण केली, आपल्याकडे उबदार जमीन कर म्हणून. अख्ख्या गावाला करून दिलीस. आणि बायकोच्या पायाखाली गारठा?"

रेइनो नळीच्या तोंडाशी बसला होता. कुठं गळते का बघायला आत हवा भरून ठेवली होती आणि तो दाबाच्या काट्याकडे एकटक बघत होता. मान वर न करता म्हणाला, "नळी संपली."

सायमा सर्दच झाली. नळीचं उरलेलं भेंडोळं दारात ढळढळीत पडलं होतं. आणि हा माणूस खोटं बोलत होता! तळ्यावर मासे पकडून आलेला प्रत्येक जण हात पसरून थापा मारतो. रेइनोनं तिथंसुद्धा कधी मारली नव्हती.

रागवायला तिला तोंड नव्हतं, हेही खरंच. वसंतात शहरातल्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. हातापायांतलं बळ हळूहळू जाणार, याला औषध नाही. घरी येऊन ती रेइनोला म्हणाली होती, संधिवात आहे, वयाचं दुखणं. तळ्याकाठी घर बांधायचं हे दोघांचं तरुणपणापासूनचं वेड. रेइनोला कळलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी जमीन विकून इस्पितळाच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या असत्या, तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं ठरवलं होतं, एकदा काँक्रीट पडू दे. मग माघार नाही. मग सांगू.

काँक्रीटचा ट्रक घरघरत अंगणात शिरला. ड्रायव्हर डॅरलनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय मंडळी, ओतू का?"

"थांब!" सायमा ओरडली.

"काँक्रीट आहे वहिनी, सूप नाही! थांबलं की दगड होतो त्याचा. नवऱ्याशी नंतर भांडा, हिवाळा अख्खा पडलाय."

"तू गप रे. रेइनो, हा शेजारचा वेढा सोड आणि जरा इकडे ओढ. दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे ते."

"का राहू दे? दारं कोठारासारखी रुंद केलीस, मी बोलले नाही. सोफा जायला हवा म्हणालास, बरं म्हटलं. उंबरे काढून टाकलेस, तेही बरं. पण हे मी ऐकायची नाही."

तिनं पक्कड उचलली आणि तार तोडायला वाकली. पक्कड बोटांतून निसटली. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि चोरून वर पाहिलं. रेइनो तिच्याकडेच बघत होता. संधिवाताचं काहीतरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

"हात लावू नकोस त्याला!"

केवढ्यानं ओरडला तो! इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा आवाज कधी चढला नव्हता. सायमाच्या हातातली पक्कड पुन्हा खाली पडली. डॅरलनं ट्रकमधला रेडिओ बंद केला.

"तिथं बोल्ट बसायचेत," रेइनो आवाज खाली आणून म्हणाला. "नळी असली तर ड्रिल मारताना फुटेल. मग सगळी जमीन फोडावी लागेल."

"झोपायच्या खोलीत कसले बोल्ट?"

"खांबाचे."

"कसला खांब? मोटार उचलणार आहेस की काय पलंगाशेजारी?"

तो हसला नाही. टोपी काढून हातात धरली त्यानं.

"माणूस उचलायचा," तो म्हणाला. "पलंगावरून चाकांच्या खुर्चीत ठेवायला."

सायमाच्या पायाखालची जमीनच सरकली. गेल्या महिन्यात हा शिडीवरून उतरून पाऊण तास कंबर धरून बसला होता. विचारलं तर काही नाही म्हणाला होता. काही नाही! आणि मनातल्या मनात हे सगळं ठरवून, हिशेबानं जागा सोडून, एकटा गिळून बसला होता. आपल्या दुखण्याच्या नादात आपण नवऱ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. आता दोघंही पडलो तर कोण कुणाला उचलणार? तिला रडूच फुटलं.

जाळीवरून अडखळत ती त्याच्यापाशी गेली आणि त्याची बाही धरली.

"काय झालंय तुला? डॉक्टर काय म्हणाले? अरे सांग ना रेइनो, माझ्यापासून काय लपवतोस? कुणासाठी सोसायचं एकट्यानं? मी मेले होते का?"

बाही तिच्या बोटांत राहिना. रेइनोनं टोपी खाली टाकली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट घेतले.

"सायमा," तो म्हणाला, "त्या बाजूला मी झोपत नाही."