एकच चित्र

“सुरू नाही ना केलंस?” दार ढकलतच नवऱ्याने विचारलं. त्याला धाप लागली होती. हातात चार घड्या घातलेला अर्ज होता.

“नाही,” ती म्हणाली. यायलाच नको होता हा आत्ता, असं तिच्या मनात आलं.

काचेपलीकडे, स्कॅनच्या टेबलावर, पांढऱ्या चादरीखाली तिचे सासरे होते. पायाच्या अंगठ्याला नंबर बांधलेला. याच खोलीत त्यांनी तीस वर्षं हे यंत्र चालवलं होतं. ती त्यांच्याच हाताखाली शिकली, मग त्यांचीच सून झाली. “आता घरीदारी माझ्याच तावडीत आहेस, सुटका नाही!” असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. पेशंट उचलून उचलून त्यांची पाठ पार वाकली होती. अशा पाठींवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी जिवंतपणीच देह लिहून दिला होता. जिवंत माणसाला किती किरण द्यायचे याला मर्यादा असते, पण मेलेल्याला त्याचं काय! मणक्यामणक्याचं, सुरी न लावता, हवं तितकं बारीक चित्र घेता येतं. “जन्मभर लोकांच्या आत डोकावलो,” ते म्हणाले होते, “आता कुणीतरी माझ्या आत बघू दे की.” त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही सुनेची होती. मुलाला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता.

“तू सही कशी केलीस हे मला अजून कळत नाही,” तो म्हणाला. “स्कॅन पूर्ण होईपर्यंत घरचे लोक देह परत नेऊ शकतात. वाचून आलोय मी. गाडी खाली उभी आहे.”

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी अर्ज घेतला, वाचून त्याला परत दिला आणि मान डोलावली. “नियम आहे. तुम्ही नेऊ शकता.” वाद घालायचा त्यांचा स्वभावच नव्हता. ती मात्र आतल्या आत पेटली. सहा दिवस घरात हा बोलला नव्हता. जेवत नव्हता, झोपत नव्हता, नुसता या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या. कारण तिला ठाऊक होतं. ज्या दिवशी सासरे गेले त्या दुपारी त्यांनी लेकाला फोन केला होता. हा कामात होता. “नंतर करतो बाबा,” म्हणाला आणि विसरला. संध्याकाळी फोन आला तो तिचा.

“एकच चित्र घेऊ दे,” ती म्हणाली. “फक्त छातीचं. त्यांना शब्द दिलाय रे मी.”

तो काचेकडे बघतही नव्हता. हातातली गाडीची किल्ली नुसती वाजवत होता.

“एकच,” तो म्हणाला. “मग मी त्यांना घेऊन जाणार. परत एक शब्द बोलायचा नाहीस.”

ती खुर्चीत बसली. बोटांना रस्ता पाठ होता. नंबर टाकला. छाती निवडली. मेलेल्या माणसांचं काम तसं सोपं. सासरे शिकवताना म्हणायचे, “हेच खरे गुणी पेशंट. हलत नाहीत, कुरकुरत नाहीत. एका चित्रात काम फत्ते!” आणि पुढे बजावायचे, “फक्त आवाज आधी बंद कर, नाहीतर बिचाऱ्याला उगाच श्वास घ्यायला सांगशील.”

तिने बटण दाबलं. टेबल सरकायला लागलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. आवाज बंद करायचा राहिला होता.

“मोठा श्वास घ्या,” सासरे म्हणाले.

यंत्र आलं तेव्हा त्यात परक्या भाषेतली कुणी बाई बोलायची. पेशंट गोंधळून उठून बसायचे. शेवटी वैतागून सासऱ्यांनी स्वतःचा आवाज भरला होता. तोच, किंचित घोगरा, आधी घसा खाकरून घेणारा.

“रोखून धरा. हलू नका हं.”

तिचा हात आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. किल्ली वाजायची थांबली होती. तो भिंतीला पाठ लावून ताठ उभा होता, छाती फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं. काचेपलीकडे त्याचे वडील यंत्राच्या गोल तोंडातून हळूहळू पुढे सरकत होते. खोलीत कुणीच श्वास घेत नव्हतं.

“सोडा आता. झालं. शाब्बास!”

त्याने श्वास सोडला तो हुंदक्यासकट. डॉक्टरीणबाई मुकाट्याने बाहेर गेल्या.

“चुकले रे,” ती रडवेली होऊन म्हणाली. “सवयीने आवाज चालूच राहिला. माफ कर मला.” आता हा घर डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं.

तो काचेपाशी आला आणि पहिल्यांदाच त्याने आत पाहिलं. मग पडद्याकडे. वाकलेला कणा एकेका मणक्यासकट लख्ख दिसत होता. अर्जाचा त्याच्या मुठीत चोळामोळा झाला होता.

“नीट आलंय चित्र?” त्याने विचारलं.

“हो. अगदी स्वच्छ आलंय.”

“नाही गं, बघ नीट,” तो म्हणाला. “हलले असतील बाबा. परत एकदा घे.”