अर्जातलं पान

गाडीच्या पाठीवर जपानात म्हाताऱ्या चालकांसाठी असतं ते पिवळ्या पानाचं चिन्ह होतं आणि स्टिअरिंगवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या तोकिएचे हात. शेजारी बसलेल्या लेकाच्या खिशात तिचा गाडी चालवायचा परवाना परत करायचा अर्ज होता. “घाटात गाडी एकदा जरी मागे घसरली, तर सही करायची, आई.” “करेन रे! गप्प बसून डोंगर बघ, लाल पानांनी कसा पेटलाय.” शेवटच्या उभ्या वळणावर पुढची बस अचानक थांबली. मागे गाड्यांची रांग. लेकाने डोळेच मिटले. बस हलताच तोकिएने निजल्या बाळाखालून हात काढावा तसा हळूच क्लच सोडला. गाडी तसूभरही न घसरता वर चढली. घाटमाथ्यावरच्या तळ्याकाठी तिने अर्ज मागून घेतला आणि मेपलचं एक लालभडक पान त्याच्या घडीत ठेवलं. “कागद जाड आहे, छान वाळेल. परत जाताना तू चालवतोस?” लेक ओशाळला. गिअरची गाडी त्याला येतच नव्हती.