पाचवं वळण

वडील गेल्यावर सात वर्षांनी, छत्तीस सालच्या दिवाळीत, शैला लोणावळ्याला माहेरी आली आणि भुशीच्या पायवाटेनं एकटीच निघाली. लहानपणी इथं तिचे वडील, माधवराव मास्तर, दर वळणाला वाकड्या वाटेचा एकेक इंग्रजी शब्द शिकवायचे. वाइंडिंग, ट्विस्टिंग, झिगझॅग आणि चौथ्या वळणाला लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया. मग सडक यायची.

तिनं भरल्या डोळ्यांनी चारही शब्द म्हटले. पण सडक आलीच नाही. पुढं आणखी एक वळण होतं.

तिथं एक म्हातारी गवत कापत होती. "मावशी, सडक कुठं?"

"म्होरंच. पर बिगीनं जावा, ताई. मास्तर कवाधरनं तितं उभं ऱ्हाऊन तुमास्नी ह्या वळणाचा शब्द इचारत्यात."

वळणाआड कुणीतरी ओळखीचं खाकरलं.

शैलाला पाचवा शब्द येत नव्हता.