पानाच्या डोक्यावरची ओळ

थोरलीनं ती ओळ उडवली, सेव्ह केलं आणि साळसूदपणे चहाचा कप उचलला. सासरे मोठ्या पडद्यासमोर येऊन बसलेच होते.

त्यांच्या बस कंपनीची वेबसाइट थोरल्या सुनेनं उभी केली होती. एकटीनं, रक्ताचं पाणी करून. मग नवा सर्व्हर आला आणि पाठोपाठ धाकटी सून ऑफिसात आली. आल्या आल्या तिनं पानाच्या डोक्यावर एक ओळ घातली. पान पुरतं तयार होईपर्यंत सर्व्हरनं काहीही बाहेर सोडायचं नाही, एवढंच त्या ओळीचं काम. तुकड्या-तुकड्यानं रखडत येणारं पान एकदम यायला लागलं. झालं! सासरे उठता-बसता धाकटीचे गोडवे गाऊ लागले. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि आज म्हणे साइटचा कारभार कोणाकडे द्यायचा, ते ठरणार होतं. येऊ दे की पान जरा अडखळत! ओळीच्या शेवटी कंसात आणखीही काहीतरी लिहिलेलं होतं, पण ते वाचायला थोरलीला धीर कुठला.

सासऱ्यांनी बटण दाबलं. पान अडखळत आलं खरं, पण त्याच्या आधी इशाऱ्यांची रांग लागली. जुन्या सर्व्हरनं निमूट चालवून घेतलेल्या चुका नवा सर्व्हर चारचौघांत ओरडून सांगत होता. प्रत्येक इशाऱ्याखाली फाइलचं नाव होतं. सगळ्या फाइली थोरलीच्याच होत्या.

"हे काय गं?" सासऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. "कोणाचा हा गोंधळ?"

धाकटीनं पडद्याकडे पाहिलं, मग जावेकडे.

"माझा, बाबा. माझ्या हातून एक ओळ पुसली गेली."

"असू दे, होतं असं," सासरे म्हणाले. " पण कारभार थोरलीकडेच राहू दे. तिच्या वेळी असलं कधी झालं नव्हतं."

ते उठून गेले. हवं ते मिळालं होतं, तरी थोरलीला मान वर करवेना. धाकटी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"ताई, ती ओळ तेवढी परत घाला, कंसासकट. तुमच्या चुका बाहेर दिसू नयेत म्हणून घातली होती मी. थोड्याच राहिल्यात आता, काढतेय एकेक."