घरगुती कारण

सकाळच्या 'मनमोकळ्या' बैठकीत नलिनी बेंद्रे यांच्या छातीवरचा बिल्ला पिवळा झाला. बियाणं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला असा बिल्ला होता. तो नाडीवरून मन ओळखायचा. मन जड असलं की पिवळा व्हायचा, आणि मग त्याचं कारण सगळ्यांसमोर सांगावं लागायचं.

"घरगुती कारण," नलिनीताई म्हणाल्या.

"कारण अपूर्ण आहे," भिंतीवरचं यंत्र गोड आवाजात म्हणालं. "ही तिसरी वेळ. आज पूर्ण न सांगितल्यास गटप्रमुखपद जाईल."

व्यवस्थापक खोपकर खुर्ची सरकवून जवळ आले. "ताई, डोकं दुखतंय म्हणा आणि सुटा."

"डोकं ठणठणीत आहे, साहेब. पंचवीस वर्षं रजेच्या अर्जात मी 'घरगुती कारण' एवढंच लिहीत आले. तेव्हा कोणी पुढे विचारलं नाही."

"अहो, पण आम्ही काय परके आहोत?"

"मुळीच नाही. रोज तुमच्याबरोबर डबा खाते की. पण घरातलं इथे सांगणार नाही. पद जात असेल तर जाऊ दे."

खोपकर काही बोलणार, तोच त्यांचा स्वतःचा बिल्ला पिवळा झाला. यंत्राने त्यांचं नाव पुकारलं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"घरगुती," शेवटी ते हळूच म्हणाले.

"कारण अपूर्ण आहे."

"पूर्ण आहे," असं म्हणून खोपकर उठले आणि यंत्राच्या पडद्यावर व्यवस्थापक म्हणून आपला अंगठा टेकवून त्यांनी दोन्ही नोंदी बंद केल्या.