उशिराचा पुरावा

"सगळ्यात आधी जेरेलची दुपार काढ," ओझेला म्हणाली. "बाकीचं मग."

ट्रिनेटने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोघीच होत्या. ॲम्ब्युलन्ससाठी फोन कधी आला, कुठून आला, गाडी कधी पोहोचली, ही सगळी माहिती शहराने लोकांसाठी खुली केली होती. संध्याकाळच्या नगरसभेत ट्रिनेट ती नकाशावर मांडून दाखवणार होती. पोरगी याच खालच्या वस्तीतली. कॉलेजात जाऊन हेच शिकून आली होती.

"मिस ओझेला, एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही. आधी वर्षभराचं बघू या ना."

"तुझं वर्षभराचं तुला लखलाभ. माझा नातू एका दुपारीच गेला."

ट्रिनेटने नकाशा उघडला. कोळसा भाजणाऱ्या कोकच्या भट्ट्यांभोवती लाल ठिपक्यांची गर्दी होती. एकेक ठिपका म्हणजे श्वास लागल्याचा एकेक फोन. टेकडीवरच्या श्रीमंत वस्तीत मात्र एखाददुसराच.

"हे कळायला नकाशा कशाला हवा?" ओझेला म्हणाली. "माझ्या खिडकीवरून बोट फिरव, काळं होतं. मला एवढंच हवंय, की त्या सभेत कोणीतरी उभं राहून म्हणावं, आम्ही उशिरा आलो, कारण बोलावणारे तुम्ही होतात. मग मी झोपेन."

जेरेल गेल्यापासून तिला धड झोप नव्हती. पोरगं घरी एकटंच होतं. दम्याचा पंप रिकामा झाला, त्याने स्वतः फोन केला. गाडी आली ती पाऊण तासाने.

"आणि त्याच दुपारी वर काय चाललं होतं, सांगू?" टेकडीवरच्या मिसेस व्हिटलॉककडे ती वीस वर्षं स्वयंपाकाला होती. "मी पीचचा गोड कॉब्लर ओव्हनमध्ये सरकवतेय, तर दारात सायरन! म्हटलं, बाबांनो, इथे शिंकसुद्धा आली नाही कोणाला, निघा. वरच्यांना न मागता मिळतं. आमचं पोर मागून मागून मेलं."

ट्रिनेटने तिच्या हातावर हात ठेवला.

"हुशार होता गं," ओझेला म्हणाली. "एकदा सांगितलं की पक्कं."

ते खरंच होतं. मुलीच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं. खालच्या शाळेत पोरं नुसती वयाने वाढतात, म्हणून खटपटी करून टेकडीवरच्या शाळेत घातलं. बूट पुसून वर्गात जायचं, 'येस मॅम' म्हणायचं, फोनवर सरकारी माणूस असला तर शाळेत लावलेला टेकडीवरचाच पत्ता सांगायचा. असा कोणाचा ना कोणाचा पत्ता अर्ध्या वस्तीने लावला होता. जेरेल कधी चुकला नाही.

"सापडला," ट्रिनेट म्हणाली. "खालच्या वस्तीतून त्या दुपारी एकच फोन. शेजारच्या मिस्टर ल्युशसचा." तिने आकडा पुन्हा पाहिला. "मिस ओझेला, गाडी आठ मिनिटांत आलीय."

"साफ खोटं! ल्युशसने फोन केला तेव्हा पोरगं निळं पडलं होतं. त्याच्या आधी जेरेलने केला होता." पर्समधून तिने नातवाचा फोन काढला. कोपऱ्यात फुटलेला. अजून ती तो रोज चार्ज करायची. "हे बघ. दोन दहा. लपवला असेल त्यांनी, दुसरं काय!"

ट्रिनेटने वेळ पाहिली. खालच्या वस्तीच्या नोंदी बाजूला सारून तिने सगळ्या शहरात त्या वेळेचा फोन शोधायला लावला.

"नाही लपवला. आहे. दोन दहा. लहान मुलगा, धाप लागलेली, बोलता येईना. पत्ता मात्र नीट सांगितलाय."

"माझं बाळ," ओझेला म्हणाली. "मग? केव्हा पोहोचले मेले?"

"सहा मिनिटांत."

"सहा मिनिटांत कुठे पोहोचले?"

ट्रिनेट पडद्याजवळ वाकली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"कळत नाहीये. टेकडीवर, सीडर लेनला. पुढे गाडीवाल्यांचा शेरा आहे: दार एका बाईने उघडलं, हाताला पीठ होतं. म्हणाली, इथे कोणी आजारी नाही, निघा."