यष्टीतून उतरलेला चिनी

बासष्ट साली मुळशीतल्या आमच्या गावानं एक चिनी पकडला. असं काही घडलंच नाही, हे नंतर चावडीवर ठरलं.

तो पौडच्या यष्टीतून उतरला आणि सारजाबाईचं घर विचारू लागला. डोळे बारीक, नाक बसकं. गावानं त्याला खांबाला बांधला.

"मी आसामचा हाय," तो म्हणाला.

"म्हंजी चीनचाच," बाजी पाटलांनी निकाल दिला.

पहिली काठी सारजाबाईनं हाणली. तिचा नथू चिन्यांशी लढायला गेला होता आणि दिवाळीपासून त्याची काहीच खबर नव्हती.

"आये, नथू जिता हाय," तो कळवळला.

"बगा, मराठीबी शिकून आलाय. लई पोचलेला हाय," पाटील म्हणाले.

मग त्याची वळकटी सोडली. आत सारजाबाईनं कातलेल्या लोकरीची, नथूला दिलेली घोंगडी निघाली. जखमी नथूला ह्याच जवानानं पाठीवर घेऊन बर्फातून खाली आणलं होतं, आणि मराठी त्याला नथूनंच शिकवली होती. त्याच पाठीवर आता गावाचे वळ होते.

सबब, धरणासाठी आमची गावं उचलून हलवली, तसाच आसामही उचलून मुळशीशेजारी आणून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी ओळखू येईल, ही सरकारला नम्र विनंती.